टाळीचं वाक्य : रंगमंचाकडून रीलकडे

१९३२ साली प्रभातच्या ‘अयोध्येचा राजा’मधून मराठी पडदा बोलू लागला, तेव्हा त्याला बोलायला शिकवणारी माणसं नाटकातून आली होती. हरिश्चंद्राची भूमिका करणारे गोविंदराव टेंबे तर संगीत रंगभूमीचेच. साहजिकच बोलपट जन्मला तो रंगभूमीचं एक व्यसन घेऊन. ते व्यसन म्हणजे टाळीचं वाक्य. नाटकात नट असं वाक्य टाकतो, हशा ओसरेपर्यंत थांबतो आणि मग पुढचं बोलतो. ही थांबण्याची जागा लेखकाने लिहितानाच हेरलेली असते. चित्रपटाला असं थांबता येत नाही. हशा मोठा झाला की पुढचं वाक्य त्यात बुडतं आणि हशा आलाच नाही, तर त्याच्यासाठी राखून ठेवलेली जागा उघडी पडते.

तेव्हापासून आजपर्यंत मराठी पडद्यावर चुरचुरीत बोलणाऱ्यांची कधी वाण पडली नाही. त्यांनी पडद्याचं भलं केलं की नुकसान, हा वाद मात्र दर पिढीत नव्याने होतो. मागे वळून पाहताना मला त्यासाठी एकच प्रश्न उपयोगी वाटतो: हे वाक्य समोरच्या पात्राला बोललंय, की त्याच्या डोक्यावरून प्रेक्षकाला?

या दोन वाटा अगदी सुरुवातीलाच दिसू लागल्या होत्या. १९३७ साली व्ही. शांतारामांनी ‘कुंकू’त पार्श्वसंगीत वर्ज्य केलं आणि घरातल्या वस्तूंच्या, रोजच्या व्यवहाराच्या आवाजांवर चित्रपट उभा केला. म्हाताऱ्याशी फसवून लग्न लावलेल्या मुलीचा तो झगडा. तिथे शब्दांची आतषबाजी केली असती, तर घराची ती कोंडी फुटून गेली असती. दुसऱ्याच वर्षी मास्टर विनायक यांचा, आचार्य अत्रे यांनी लिहिलेला ‘ब्रह्मचारी’ आला. व्याख्यान ऐकून ब्रह्मचर्याचं व्रत घेणारा औदुंबर ही त्याची मध्यकल्पना. इथे थट्टेचा विषयच मुळी पोकळ शब्द होते. व्यासपीठावरच्या भाषेची फजिती करायची तर ती भाषेनेच करावी लागते, त्यामुळे अत्र्यांची शाब्दिक हत्यारं तिथे अगदी योग्य कामाला लागली.

पुढची गोष्ट मला फार बोलकी वाटते. १९५३ साली महाराष्ट्रातल्या दोन सर्वांत हजरजबाबी लेखकांनी चित्रपट केले. अत्र्यांनी ‘श्यामची आई’ केला आणि त्याला राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळालं. पु. ल. देशपांडे यांनी ‘गुळाचा गणपती’ केला. त्यात कथेपासून संगीत, दिग्दर्शन आणि नायकाच्या भूमिकेपर्यंत सगळं पुलंचंच. ज्यांच्या कोट्या लोक एकमेकांना सांगत त्या या दोघांनी मध्यभागी कोणाला बसवलं? एकाने कोकणातल्या गरीब घरातल्या लहान मुलाला, दुसऱ्याने भोळसट नाऱ्याला. चतुर बोलणं ज्यांना सहज साधत होतं, त्यांना ते नायकाच्या तोंडी घालण्याची गरज वाटली नाही. नाऱ्याची गंमत तो काय बोलतो यात कमी आणि त्याला जगाचा कावा कळत नाही यात जास्त आहे.

कोटीबाज लेखक आणि भोळा नायक ही जोडी मराठीत बराच काळ टिकली. चिं. वि. जोशींचा चिमणराव हा तिचा मूळपुरुष म्हणावा लागेल. तो आपली फजिती अत्यंत गंभीरपणे सांगतो. आपण हास्यास्पद आहोत याचा त्याला पत्ताच नसतो. १९७२ साली मुंबई दूरदर्शन सुरू झालं आणि पुढे काही वर्षांत चिमणराव-गुंड्याभाऊ छोट्या पडद्यावर आले. दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांनी घराघरात हसू पिकवलं ते टाळीच्या वाक्यांनी नव्हे. दिवाणखान्यात बसलेले चार-पाच जण नाट्यगृहासारखी टाळी वाजवत नाहीत, हे त्या माध्यमाने लवकर ओळखलं होतं. तिथे चेहरा जवळ असतो, आवाज हळू असतो. वाक्य मोठं झालं की नट खोटा दिसू लागतो.

याच काळात दुसरीकडे अगदी उलट परंपरा भरात होती. १९६५ साली वसंत सबनीसांचं ‘विच्छा माझी पुरी करा’ हे वगनाट्य आलं आणि त्यातला हवालदार करणारे दादा कोंडके रोजच्या बातम्यांवर नवनव्या अ‍ॅडिशन घेऊ लागले. तमाशातली बतावणी मुळातच प्रेक्षकाकडे तोंड करून चालते. तिथे प्रेक्षक नाही असं कोणी भासवत नाही, त्यामुळे प्रेक्षकाला टाकलेलं वाक्य हा तिथला प्रामाणिक व्यवहार असतो. सबनीसांनीच पुढे १९७१ चा ‘सोंगाड्या’ लिहिला, आणि त्यातही नायक नाम्या हा भोळाच. द्व्यर्थी बोलण्याची सगळी मजा त्या भोळेपणावर उभी होती. पडद्यावरचं वाक्य निरुपद्रवी, दुसरा अर्थ प्रेक्षकाच्या डोक्यात. मग सेन्सॉरने कात्री लावायची तरी कशाला? दादांचे ओळीने नऊ चित्रपट रौप्यमहोत्सवी झाले आणि गिनीज बुकात त्याची नोंद झाली. पण नंतरच्या काही चित्रपटांत एक बदल जाणवतो. नायकाला आता दुसरा अर्थ ठाऊक असतो, आणि तो आपल्याला ठाऊक आहे हे तो कॅमेऱ्याला सांगतोही. भोळेपणा गेला तसा विनोदातला पेच सैल झाला आणि उरली ती नुसती शब्दांची कसरत.

गंभीर चित्रपटाला या सगळ्यावरचा उतारा विजय तेंडुलकरांनी दिला. डॉ. जब्बार पटेलांच्या ‘सामना’त साखरसम्राट हिंदुराव धोंडे-पाटील आणि कुठून तरी आलेला दारुडा मास्तर समोरासमोर येतात. निळू फुले आणि डॉ. श्रीराम लागू, दोघेही रंगभूमीवर तयार झालेले. शाब्दिक चकमकीचा फड रंगवायला याहून चांगली जोडी मिळाली नसती. तेंडुलकरांनी मात्र मास्तरच्या हाती दिला तो एक साधा प्रश्न: मारुती कांबळेचं काय झालं? या प्रश्नात ना कोटी, ना अलंकार. तो पुन्हा पुन्हा येतो आणि दर वेळी हिंदुरावाच्या चेहऱ्यावर काही तरी हलतं. वाक्याची ताकद ऐकणाऱ्यावर मोजायची असते, याचा इतका चोख नमुना मराठीत दुसरा दाखवणं अवघड आहे. १९७९ च्या ‘सिंहासन’मध्येही राजकारणी माणसं भरपूर बोलतात, पण प्रत्येकाचं बोलणं काही तरी लपवण्यासाठी असतं आणि ते सगळं ऐकणारा पत्रकार दिगू टिपणीस शेवटी शब्द सोडून देतो आणि हसत सुटतो.

मग ऐंशीचं दशक आलं. ‘धुमधडाका’त अशोक सराफ यांनी काढलेले निरर्थक आवाज लोकांनी वाक्यांसारखे पाठ केले. आणि १९८८ साली सचिन पिळगावकरांचा ‘अशी ही बनवाबनवी’ आला. मूळ कल्पना हृषीकेश मुखर्जींच्या ‘बीवी और मकान’ची, संवाद पुन्हा वसंत सबनीसांचे. वगनाट्य, तमाशापट आणि शहरी प्रहसन अशा तिन्ही ठिकाणी एकाच लेखकाची लेखणी चालली, आणि ती प्रत्येक ठिकाणी वेगळी चालली, हे लक्षात घेण्यासारखं आहे.

‘बनवाबनवी’तला तो सत्तर रुपयांचा प्रसंग आठवा. घरमालक सरपोतदाराने मधुमेहाच्या औषधासाठी दिलेले सत्तर रुपये औषधवाल्या मित्राबरोबरच ‘वारतात’. शब्दाची गंमत आहेच. पण त्या क्षणी पडद्यावर कोणीही विनोद करत नाही. सुधीर जोशींच्या चिकट घरमालकाला पैशांचं खरोखर दुःख आहे, आणि अशोक सराफांच्या धनंजय मानेला ते पैसे खरोखर बुडवायचे आहेत. मानेची जीभ चालते कारण ती थांबली तर डोक्यावरचं छप्पर जाईल. पुण्यात जागा मिळत नाही, म्हणून त्याच्या दोघा सोबत्यांना लुगडं नेसावं लागतं. या गरजेतून सुटलेलं प्रत्येक खोटं पुढच्या खोट्याला जन्म देतं. इथे नायक भोळा नाही, चांगला बेरकी आहे. तरीही त्याची हुशारी खटकत नाही, कारण ती त्याला रोज नव्या संकटात ढकलते.

१९९९ साली अल्फा टीव्ही मराठी सुरू झालं आणि छोट्या पडद्याचं अर्थकारण बदललं. सुरुवातीच्या काळात प्रतिमा कुलकर्णींची ‘प्रपंच’ आणि केदार शिंदेंची ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ अशा मालिका झाल्या. आबा टिपऱ्यांच्या रूपात प्रभावळकर पुन्हा तेच करत होते जे त्यांनी चिमणरावात केलं होतं: हसू मागायचं नाही, ते येऊ द्यायचं. पुढे दैनंदिन मालिकांचा रेटा आला. कथा एकाची, पटकथा दुसऱ्याची, संवाद तिसऱ्याचे, आणि संवादलेखकाच्या डोक्यावर रोज एक भाग. घडण्यासारखं कमी आणि भरायची मिनिटं जास्त असली की वाक्यांना जादा काम पडतं. मग सासू सुविचार बोलते, सून सुविचार बोलते, दारात आलेला कुरिअरवालाही जाताना एक तत्त्वज्ञान सांगून जातो. सगळ्यांची जीभ एकाच धारेची झाली की कोण बोलतंय हे डोळे मिटून ओळखता येत नाही. इथे चतुर संवादाने निखालस नुकसान केलं. त्या घरांत प्रेक्षक नाही असं भासवलं जातं, आणि तरी प्रत्येक जण प्रेक्षकालाच वाक्य टाकत असतो.

चित्रपटाने याच सुमाराला निराळी वाट धरली. २००४ च्या ‘श्वास’नंतर आलेल्या लेखक-दिग्दर्शकांनी बोलीभाषेवर विश्वास टाकला. उमेश कुलकर्णींच्या ‘देऊळ’साठी गिरीश कुलकर्णी यांना अभिनयाबरोबर संवादाचंही राष्ट्रीय पारितोषिक मिळालं. त्यात गावातलं टोळकं अखंड बोलत असतं, एकमेकांच्या बोलण्यात बोलत असतं. त्या बडबडीतूनच श्रद्धेचा धंदा कसा उभा राहतो ते दिसतं. २०१० च्या ‘मुंबई-पुणे-मुंबई’त तर नावही नसलेली दोन माणसं दिवसभर फक्त बोलत राहतात. पण एकमेकांना जोखण्यासाठी त्यांच्याकडे दुसरं साधनच नाही, त्यामुळे नोकझोक हीच तिथली घटना ठरते.

चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’ने तर टाळीच्या वाक्यालाच साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं केलं. दिवसभर कोर्टात जुन्या कायद्यांची कलमं एकसुरात वाचणारी सरकारी वकील सुट्टीच्या दिवशी कुटुंबासह नाटकाला जाते. रंगमंचावर परप्रांतीय जावयाच्या विरोधात खणखणीत वाक्यं पडतात आणि सभागृह टाळ्या वाजवतं. वाक्य किती सफाईदार आहे याचा ते कोणाच्या विरोधात आहे याच्याशी संबंध नसतो, आणि टाळी या दोन्हींतला फरक विचारत नाही, हे ताम्हाणे एका शब्दाचं भाष्य न करता दाखवतात.

नागराज मंजुळे यांनी हा हिशेब आणखी पुढे नेला. ‘फँड्री’तला जब्या फारसं बोलतच नाही, राष्ट्रगीत सुरू होताच डुकराचा पाठलाग थांबवून ताठ उभं राहणारं ते कुटुंब शब्दांवाचून जे सांगतं, ते कुठल्याही संवादाला झेपलं नसतं. २०१६ च्या ‘सैराट’मध्ये मात्र आर्ची झणझणीत बोलते. मराठीत कळत नसेल तर इंग्रजीत सांगू का, हा तिचा दम महाराष्ट्रभर गाजला, टी-शर्टांवर चढला. लोक विसरतात ते पुढचं. आर्चीची ती जीभ पाटलाच्या मुलीची जीभ आहे; तिच्यामागे वाडा आहे, बुलेट आहे, गाव आहे. हैदराबादला गेल्यावर भाषा परकी होते, आडनावाचं वजन उतरतं आणि तिचं बोलणंही आटतं. शेवटी तर मंजुळे ध्वनीच काढून घेतात. पहिल्या भागात चतुर वाक्यं दिली नसती, तर दुसऱ्या भागात ती हरवलेली आपल्याला कळली नसती. संवादाचा असा उपयोग करण्यासाठी, शिट्ट्या मिळवून देणारं वाक्य लिहिता यावं लागतं आणि ते नायिकेच्या तोंडून काढून घेण्याची छातीही असावी लागते.

२०१८ च्या ‘फर्जंद’पासून शिवकालीन चित्रपटांची रांग लागली, तेव्हा शिट्टीचं वाक्य पुन्हा राजरोस परतलं. तिथे ते अगदीच परकं नाही. पोवाड्याच्या परंपरेत शूराने श्रोत्यांना उद्देशूनच गर्जायचं असतं. पण प्रत्येक मावळा सुभाषितात बोलू लागला, की मरणाच्या दारात उभा असलेला माणूस घाबरलेला, दमलेला किंवा गप्प असू शकतो, याला जागाच उरत नाही. दुसरीकडे ‘महाराष्ट्राची हास्यजत्रा’सारखा कार्यक्रम समोर परीक्षक आणि प्रेक्षक बसवून बतावणीचा जुना करार नव्याने करतो. तिथे पंच मारणं चूक नाही, तोच तर कार्यक्रम आहे.

आताचं नाट्यगृह म्हणजे हातातला फोन. तीस सेकंदांच्या तुकड्यात काय कापून पाठवता येईल, याचा विचार संवाद लिहितानाच होऊ लागला आहे. गंमत अशी, की या फोनवर अजूनही ‘बनवाबनवी’चे तुकडे फिरतात, म्हणजे रील या प्रकाराच्या कितीतरी आधीचे. सबनीसांनी ती वाक्यं सरपोतदाराला फसवण्यासाठी लिहिली होती, आपल्याला पाठवण्यासाठी नव्हे.

त्यामुळे चतुर संवाद तारतो की मारतो, याचा निवाडा मी संपादनाच्या टेबलावर करीन. वाक्य झाल्यावर कॅमेरा ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर न्यावा. तिथे हिंदुरावासारखं काही हललं, सरपोतदारासारखं काही दुखलं, तर वाक्य कितीही चमकदार असो, ते ठेवावं. तो चेहरा जर केवळ प्रेक्षकांची टाळी संपण्याची वाट पाहत उभा असेल, तर त्या चित्रपटातलं सर्वांत चांगलं वाक्य तेच असलं, तरी लेखकाने ते स्वतःच्या हाताने कापावं.