कालवडीची हमी वाढली. नफ्याचा हिशेब मात्र गोठ्यातच

बंगळुरू : गाय व्याल्यावर कालवड होणार की गोऱ्हा, हे आजवर निसर्गाच्या हाती होते. लिंगवर्गीकृत रेतमात्रांमुळे कालवड जन्मण्याची शक्यता सुमारे ९० टक्क्यांवर गेली आहे. या मात्रांचे देशी तंत्रज्ञान ‘गौसॉर्ट’ या नावाने पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते ५ ऑक्टोबर २०२४ रोजी वाशिम येथे सादर झाले. राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाच्या ‘एनडीडीबी डेअरी सर्व्हिसेस’ने ते विकसित करताना बंगळुरूच्या जीवा सायन्सेस या कंपनीचे सहकार्य घेतले. मात्रेची किंमत सुमारे २०० रुपयांनी घटेल, असे सरकारने त्या वेळी सांगितले. दोन-चार गायींवर संसार चालवणाऱ्या शेतकऱ्याला याचा लाभ किती, हे मात्र आणखी काही गोष्टींवर ठरते.

गोऱ्हा नकोसा का झाला?

पूर्वी गोऱ्ह्याचा बैल होई आणि शेतीला उपयोगी पडे. ट्रॅक्टर आल्यावर ही गरज घटली. संकरित होल्स्टिन गोऱ्ह्याला तर वशिंड नसते आणि उन्हात कामही झेपत नाही. महाराष्ट्रात २०१५ पासून बैल व वळूंच्या कत्तलीवर बंदी आहे. कर्नाटकात २०२१ मध्ये गोवंश हत्याबंदीचा कडक कायदा लागू झाला. त्यामुळे गोऱ्हा विकण्याची वाट जवळजवळ बंद झाली. २०१९ च्या पशुगणनेत १९ कोटींहून अधिक गोवंशापैकी सुमारे साडेचौदा कोटी माद्या होत्या, तर मोकाट जनावरांची संख्या ५० लाखांवर होती.

तंत्र काय आहे?

मादी वासरू घडवणाऱ्या ‘एक्स’ शुक्राणूत ‘वाय’ शुक्राणूपेक्षा सुमारे चार टक्के अधिक डीएनए असतो. रूढ पद्धतीत शुक्राणूंना चमकणारा रंग देऊन लेझरच्या साह्याने हा फरक ओळखला जातो आणि त्यांना वेगळे केले जाते. ही यंत्रणा दीर्घकाळ मोजक्या परदेशी कंपन्यांच्या हाती असल्याने मात्रा महाग राहिल्या. वर्गीकरणाच्या प्रक्रियेत शुक्राणूंवर ताण येतो. शिवाय साध्या मात्रेत सुमारे दोन कोटी शुक्राणू असतात, तर वर्गीकृत मात्रेत सुमारे २० लाख. त्यामुळे गाभण राहण्याचे प्रमाण काहीसे कमी होते.

गणित कसे बसते?

उदाहरणादाखल समजा, साध्या मात्रेने दहा रेतनांत चार गायी गाभण राहिल्या, तर सरासरी दोन कालवडी मिळतील. वर्गीकृत मात्रेने तीनच गाभण राहिल्या, तरी कालवडी २.७, म्हणजे जवळपास तीन. कालवडी वाढल्या, पण एक गाय अधिक उलटली. ती सुमारे २१ दिवसांनी पुन्हा माजावर येईपर्यंत वैरण व खुराकाचा खर्च चालूच राहतो आणि पुढचे वेत लांबते. मोठ्या गोठ्यात हा तोटा विभागला जातो. दोन गायींच्या घरात मात्र निम्म्या गोठ्याचे पुढचे दूध लांबणीवर पडते. म्हणूनच ही मात्रा निरोगी कालवडी आणि पहिल्या-दुसऱ्या वेताच्या गायींना, माजाची वेळ नीट साधून द्यावी, असा सल्ला दिला जातो. वारंवार उलटणाऱ्या गायीसाठी साधी मात्राच परवडते.

त्यानंतरची तीन वर्षे

जन्मलेली कालवड दुधात येण्यास साधारण अडीच ते तीन वर्षे लागतात. तोवर खर्च शेतकऱ्याचा आणि दुधाच्या दराची जोखीमही त्याचीच. २०२४ मध्ये गायीच्या दुधाचे दर घसरल्याने महाराष्ट्र सरकारला प्रतिलिटर पाच रुपये अनुदान द्यावे लागले होते. कालवडी सर्वत्र वाढल्या, तर त्यांचा बाजारभावही उतरू शकतो. त्यामुळे विक्रीसाठी कालवडी वाढवणाऱ्यापेक्षा स्वतःच्या गोठ्यातील भाकड, म्हाताऱ्या गायींची जागा भरणाऱ्याला हे तंत्र अधिक फायद्याचे ठरते. बाहेरून गाय आणताना होणारा खर्च आणि रोगाचा धोकाही त्यामुळे टळतो.

वर्गीकृत मात्रा मादीची शक्यता वाढवते; दूध किती मिळणार, हे वळूच्या वंशावर आणि संगोपनावर ठरते. बंगळुरूजवळ हेसरघट्टा येथील केंद्रीय गोठित वीर्य संस्थेसारख्या केंद्रांत वळूंची निवड त्यासाठीच महत्त्वाची असते. अनुवंश तपासणीसाठीची ‘गौचिप’ही वाशिम येथेच सादर झाली. रेतनापूर्वी मात्रेवरील वळूचा क्रमांक पाहून त्याच्या आईच्या दुधाची नोंद विचारणे, हा शेतकऱ्यासाठी सर्वांत स्वस्त विमा आहे.