मंदीत घराचं काम बंद पडत नाही, त्याचे तुकडे पडतात



हार्डवेअर, टाइल्स, रंग, पत्रे, नर्सरी यातलं काहीतरी सुरू करायचं तुमच्या डोक्यात असेल, तर एक प्रश्न तुमचे वडील किंवा सासरे नक्की विचारणार: "मंदी आली तर काय करशील?" प्रश्न रास्त आहे. व्हिडिओत यावर दोन मिनिटंच बोलता आलं, म्हणून इथे सविस्तर लिहितो. उदाहरण माजलगावचं घेतोय, कारण घर आणि बाग या धंद्यात मंदी कशी येते, कुठून येते आणि किती उशिरा कळते, हे इथे फार स्पष्ट दिसतं.

पुण्यात मंदी म्हणजे नोकरकपात, गृहकर्जाचं व्याज, न विकलेले फ्लॅट. माजलगावात मंदी आधी धरणात दिसते. सिंदफणेवरचं हे धरण जायकवाडी प्रकल्पाच्या दुसऱ्या टप्प्यातलं. पैठणचा उजवा कालवा 132 किलोमीटर वाहत येऊन यात पाणी टाकतो. म्हणजे इथला पाऊस आणि वर नाशिक-नगरकडचा पाऊस, दोन्ही बघावे लागतात. धरणात पाणी असलं की ऊस उभा राहतो, कारखान्यांचा हंगाम चालतो, मोंढ्यात कापूस-सोयाबीनचे पैसे फिरतात. आणि तो पैसा फिरत फिरत शेवटी तुमच्या दुकानात सिमेंटची गोणी घ्यायला येतो. शेवटी. हा शब्द लक्षात ठेवा.

कारण बी-बियाणं, खत, पीककर्ज, मुलाची फी, दवाखाना, लग्न, हे सगळं झाल्यावर घराचा नंबर लागतो. त्यामुळे आपल्या धंद्याला मंदी उशिरा कळते. पाऊस पडला नाही तरी पहिले काही महिने दुकान बरं चालतं, कारण मागच्या वर्षीचा पैसा अजून लोकांच्या हातात असतो, अर्धवट बांधकामं पूर्ण होत असतात. नवा दुकानदार फसतो तो इथेच. ऑक्टोबरमध्ये गल्ला भरलेला बघून तो दिवाळीत दुप्पट माल भरतो. फेब्रुवारीत गिऱ्हाईक गायब होतं आणि माल गोदामात बसतो. उलटंही तसंच. पाऊस चांगला झाला म्हणून लगेच बांधकामं निघत नाहीत. आधी कर्ज फिटतं, मग दुकानांच्या जुन्या उधाऱ्या, मग राहिलेली लग्नं. तुमची विक्री सुधारायला एक पूर्ण हंगाम जावा लागतो, कधी दोन.

नवं काम थांबतं, जुनं काम चालू राहतं

2014 आणि 2015 अशी लागोपाठ दोन वर्षं देशभर पावसाची तूट होती, 2014 ला सरासरीपेक्षा 12 टक्के कमी, 2015 ला 14 टक्के. मराठवाड्यात तर हाल विचारू नका. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावं लागलं. अशा वेळी बांधकामाचं दुहेरी मरण होतं. एक तर पैसा नाही, आणि ज्याच्याकडे पैसा आहे त्याच्याकडे पाणी नाही. स्लॅब टाकला की त्यावर किमान 7 दिवस पाणी मारावं लागतं, पीपीसी सिमेंट असेल तर 10 दिवस. प्यायला टँकर येतोय तिथे स्लॅबवर पाणी कोण ओतणार? शहाणा मिस्त्रीच सांगतो, "मालक, थांबा पाऊस पडेपर्यंत."

पण त्याच काळात प्लॅस्टिकच्या टाक्या, पाईप, मोटारी, ठिबकच्या नळ्या, बोअरचं सामान यांना मागणी असते. त्याच घरमालकाने मजला चढवायचं रद्द केलं, पण साठवणीची टाकी घेतली. हाच माणूस, हेच घर, फक्त काम बदललं. आपल्याकडे लोक म्हणतात "मंदीत धंदा बसला". मला ते अर्धंच खरं वाटतं. घरमालक काम सोडून देत नाही, तो कामाचे तुकडे करतो. जे पुढे ढकलता येतं ते ढकलतो, जे ढकलता येत नाही ते करतो.

काय ढकललं जातं? वरचा मजला, कंपाउंड, पीओपीचं छत, मॉड्युलर किचन, दिवाळीचा बाहेरचा रंग, अंगणातलं लॉन. काय ढकलता येत नाही? गळका स्लॅब, फुटलेला पाईप, उडालेले पत्रे, तुंबलेलं संडास, जळालेली मोटार. मृगाच्या आधी गळती काढायचं काम मंदीतही निघतं, कारण पाणी घरात आलं तर धान्याची पोती भिजतात.

ही गोष्ट फक्त आपल्या तालुक्यापुरती नाही. अमेरिकेत 2008 ची मंदी घरांच्या बाजारातूनच सुरू झाली. तिथल्या होम डेपो या घरसामानाच्या मोठ्या कंपनीने 2009 मध्ये आपली 'एक्स्पो' नावाची दुकानं बंद केली. महागडी किचन आणि बाथरूम दाखवणारी ती दुकानं होती. खिळे, नळ, पाईप, रंग विकणारी नेहमीची दुकानं मात्र चालू राहिली. आणि तिकडे लोकांनी परसात भाजीपाला लावायला सुरुवात केली, बियाण्यांचा खप वाढला. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये तर बर्पी या जुन्या बियाणे कंपनीला काही दिवस नवीन ऑर्डर घेणं थांबवावं लागलं.

सळया वर सोडलेल्या घराकडे बघा

माजलगावच्या कुठल्याही नव्या वस्तीत जा. दहातल्या कितीतरी घरांच्या छतावर खांबाच्या सळया वर आलेल्या दिसतील. पुढच्या मजल्याची आशा आहे ती. दुकानदार म्हणून तुम्ही त्या सळयांकडे बघायला शिका. ते घर तुमचं पुढच्या पाच-सात वर्षांचं गिऱ्हाईक आहे. मंदीत त्याला मजला विकायला जाऊ नका, त्याला जे आज परवडतं ते विका. उघड्या सळया गंजतात. त्यांना सिमेंटचा घोल लावणं किंवा कच्च्या काँक्रीटने झाकणं हे अर्ध्या दिवसाचं काम आहे, दोन गोण्याही लागत नाहीत. ते करून दिलं की पाच वर्षांनी मजला काढताना मालक कोणाकडे येईल? तुम्हीच सांगा.

याच्यासाठी दुकानाची रचना बदलावी लागते. नवा दुकानदार पन्नास गोण्या घेणाऱ्या ठेकेदारासाठी दुकान मांडतो. मंदीत येणारं गिऱ्हाईक दोन किलो पुट्टी, अर्धा लिटर वॉटरप्रूफिंग, एक पत्रा आणि चार स्क्रू मागतं. ते सुटं देता आलं पाहिजे, आणि तोंड वाकडं न करता देता आलं पाहिजे. सुट्या विक्रीत नफ्याचा टक्का जास्त असतो हे तर आहेच, शिवाय पैसे रोख येतात. आणि एक गवंडी, एक प्लंबर, एक रंगारी यांचे नंबर तुमच्याकडे हवेत. घरमालकाला पाईप नको असतो, गळती बंद झालेली हवी असते. मंदीत मिस्त्री लोकही रिकामे असतात, त्यामुळे लहान कामाला ते हजर होतात. तेजीत याच माणसांच्या मागे फिरावं लागतं.

लॉकडाऊनचा अनुभव याला धरूनच आहे. मार्च 2020 मध्ये सगळं ठप्प झालं. पण त्याच वर्षाच्या उत्तरार्धात रंगाच्या बाजारात महानगरांपेक्षा लहान शहरांतली मागणी आधी सावरली. लोक घरात बसून होते, भिंती रोज डोळ्यासमोर होत्या. पुण्या-मुंबईची पोरं गावाकडे परत आली होती. ज्याच्याकडे थोडा पैसा होता त्याने एक खोली रंगवून घेतली.

पैसा कधी येतो ते कॅलेंडरवर लिहा

बीड जिल्ह्याची एक गोष्ट पुण्याच्या बिझनेस कोचला कळणार नाही. इथले लाखो लोक ऊसतोडीला जातात. दसरा-दिवाळीच्या सुमाराला मुकादमाकडून उचल घेऊन निघतात आणि कारखाना बंद झाला की पाडव्याच्या आसपास परततात. त्यांच्या घराची डागडुजी निघते ती दोन वेळा: उचल हातात आल्यावर, आणि परत आल्यावर पावसाआधी. मधले चार-पाच महिने घराला कुलूप. ज्या गावांतून तोडणीला जास्त लोक जातात तिथे जानेवारीत पत्र्यांचा साठा करून काय उपयोग?

ऊस देणाऱ्या शेतकऱ्याचं गणित वेगळं. कायद्याने एफआरपी ऊस गेल्यापासून 14 दिवसांत मिळायला हवी. प्रत्यक्षात बिल कधी पडलं ते तुम्ही मोंढ्यात विचारा, आणि त्यानुसार माल भरा. घरकुल योजनेचंही तसंच. प्रधानमंत्री आवास योजनेत ग्रामीण भागात सपाट प्रदेशासाठी 1 लाख 20 हजार रुपये मिळतात, पण हप्त्याहप्त्याने. ही मागणी मंदीत टिकून राहते, कारण पैसा सरकारचा आहे. मात्र लाभार्थी तुमच्याकडे माल आधी मागणार आणि हप्ता नंतर येणार. ठरवा: हप्ता जमा झाल्यावर त्या टप्प्याचाच माल.

कधी मंदी अशी येते की कॅलेंडरही उपयोगी पडत नाही. 8 नोव्हेंबर 2016 ला रात्री नोटाबंदी जाहीर झाली, तेव्हा कापूस वेचणी ऐन भरात होती. 2023 मध्ये जिल्ह्यात मल्टिस्टेट पतसंस्थांमध्ये अनेकांच्या ठेवी अडकल्या, त्यात घरासाठी साठवलेला पैसाही होता. सप्टेंबर 2025 तर विचित्रच. 22 तारखेपासून सिमेंटवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला. कराआधी 280 रुपयांची गोणी धरली तर 358 ची 330 ला पडू लागली, गोणीमागे 28 रुपये वाचले. आणि त्याच महिन्यात मराठवाड्यात अतिवृष्टीने पिकं पाण्यात होती. ज्याचं सोयाबीन गेलं त्याला 28 रुपयांनी काय होणार? स्वस्त माल म्हणजे विक्री, असं समजू नका.

दुकान बुडतं ते उधारीने

समजा महिन्याला 3 लाखांची विक्री आहे आणि नफा 12 टक्के, म्हणजे 36 हजार. 36 हजारांची एक उधारी बुडाली की महिनाभराची कमाई गेली. ती भरून काढायला पुन्हा 3 लाखांचा माल विकावा लागेल, तोही मंदीत. विक्री कमी झाली म्हणून दुकान लगेच बंद पडत नाही, भाडं-पगार आवरता येतात. विक्री टिकवायची म्हणून उधारी सैल सोडली की मात्र आतून पोकळ होतं.

गावात उधारी देणारच नाही असं म्हणणं सोपं आहे, जमत नाही. दाजी, मामा, शेजारचे सरपंच, सगळे आपलेच. मग निदान एवढं करा. बिलावर आणि खात्यावर सही घ्या. विकलेल्या मालाच्या पैशाचा दावा साधारण 3 वर्षांत करावा लागतो. त्या मुदतीच्या आत देणेकऱ्याने बाकी मान्य असल्याचं लिहून सही दिली, तर तिथून मुदत नव्याने मोजली जाते. म्हणून दरवर्षी पाडव्याला बाकी दाखवून सही घ्यायची. "वकिलाने सांगितलंय काका, सगळ्यांचीच घेतोय" म्हणा, कोणी रागावत नाही. आणि नवीन उधारी देताना जुन्यातले थोडे तरी जमा करून घ्या.

उधारीखालोखाल मारतो तो साठा. गोदामातलं सिमेंट तीन महिन्यांनी ताकद गमावायला लागतं, त्यानंतर तपासल्याशिवाय ते वापरू नये. टाइल्सचं डिझाइन कंपनी बंद करते, उरलेल्या पाच पेट्या कोणी घेत नाही. सळई गंजते. म्हणून धरणाची पातळी खाली दिसली की कमी माल, जास्त फेऱ्या. वाहतूक थोडी महाग पडेल, पडू द्या.

नर्सरी टाकणाऱ्यांनी हे दुप्पट मनावर घ्यावं, कारण तुमचा माल जिवंत आहे आणि त्याला रोज पाणी लागतं. आंब्याचं कलम दोन हंगाम पिशवीत राहिलं की मुळं आत गुंडाळतात, मग फुकट दिलं तरी शेतकऱ्याचं नुकसान. दुष्काळी वर्षात फळझाडांची मागणी सगळ्यात आधी पडते. तेव्हा कमी पाण्याच्या रोपांवर भर द्या. बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन आहे, ते झाड बालाघाटच्या माळावर तगतं. शहरात कुंडीतल्या तुळस, कोरफड, कढीपत्ता, मिरची-वांग्याच्या रोपांना दहा-वीस रुपयांचं गिऱ्हाईक कायम असतं. रोपांवर जीएसटी नाही, पण फळझाडांची कलमं विकायला कृषी खात्याचा परवाना लागतो. तो आधी काढा, फळबाग योजनेचे लाभार्थी परवानाधारक रोपवाटिकेकडेच येतात.

ज्यांनी अजून दुकान टाकलेलं नाही त्यांनी या आठवड्यात एकच काम करावं. वही घेऊन आपल्या भागातली तीस घरं फिरा. कोणाच्या सळया वर आहेत, कोणाचा गिलावा राहिलाय, कोणाचा स्लॅब गळतो, कोणाच्या अंगणात झाडाला जागा आहे, ते लिहा. पुढच्या व्हिडिओत आपण त्या तीस घरांवरून पहिल्या सहा महिन्यांची मालाची यादी बनवणार आहोत, तेव्हा वही जवळ असू द्या.