रुपेरी पडदा आणि वर्णद्वेष



चित्रपट ही घटकाभराची करमणूक, तिचा मनावर कितीसा परिणाम होणार, असें पुष्कळांना वाटतें. उभा जन्म मुलांना शिकविण्यांत गेल्यामुळें मला तसें वाटत नाहीं. पण माझें मत बाजूस ठेवूं. अमेरिकेंत याची प्रत्यक्ष परीक्षाच झालेली आहे.

१९१५ सालीं ग्रिफिथ या दिग्दर्शकानें ‘द बर्थ ऑफ ए नेशन’ हा मूकपट काढला. त्यांत यादवी युद्धानंतर मुक्त झालेले काळे गुलाम उन्मत्त व स्त्रियांवर टपलेले, आणि त्यांच्यावर दहशत बसविणारी ‘कू क्लक्स क्लॅन’ ही बुरखेधारी टोळी मात्र तारणहार, असा सारा प्रकार होता. मुख्य काळीं पात्रें गोऱ्या नटांनीं तोंडाला काळें फासून रंगविलीं होतीं. नामशेष झालेली ती टोळी त्याच वर्षीं जॉर्जियांत पुन्हां उभी राहिली. पुढें पीटरसन व थर्स्टन या संशोधकांनीं इलिनॉयमधील क्रिस्टल लेक या गांवच्या सुमारें चारशें शाळकरी मुलांचीं मतें टिपून घेतलीं, त्यांना हा चित्रपट दाखविला, आणि पुन्हां तेच प्रश्न विचारले. कृष्णवर्णीयांविषयींचें मुलांचें मत स्पष्टपणें कलुषित झालें होतें. पांच महिन्यांनंतरहि तो रंग पुरता उतरला नव्हता. हे निष्कर्ष १९३३ सालीं प्रसिद्ध झाले. मौज अशी कीं, त्या गांवीं काळीं माणसें जवळजवळ नव्हतींच! ज्यांच्याशीं बोलण्याचाहि प्रसंग आला नाहीं, त्यांच्याविषयीं मुलें मत बनवून बसलीं.

येथें एक भेद करणें अवश्य आहे. पूर्वग्रह मनांत असतो, भेदभाव वर्तनांत. रॉबर्ट मर्टन या समाजशास्त्रज्ञानें १९४९ सालीं दाखवून दिलें कीं, ज्याच्या मनांत द्वेष नाहीं असा मनुष्यहि धंद्याला बाध येईल या धाकानें भेदभाव करतो. हॉलिवुडांत नेमकें हेंच दिसतें. १९३० सालच्या निर्मितिसंहितेनें गोरे व काळे यांच्यांतील शरीरसंबंधाचें चित्रण निषिद्ध ठरविलें. तो निर्बंध १९५६ पर्यंत टिकला. ‘द गुड अर्थ’ (१९३७) ही चिनी शेतकऱ्याची कथा; परंतु नायक नेमला पॉल म्यूनी हा गोरा नट, मग नायिकाहि गोरीच! लॉस एंजलिसमध्यें जन्मलेली चिनी वंशाची नामांकित नटी अॅना मे वाँग त्या भूमिकेची आस धरून होती. ती भूमिका लुइझी रेनरला मिळाली, आणि तीबद्दल अकादमीचें पारितोषिकहि.

कोणी म्हणेल, बालगंधर्व पुरुष असून स्त्रीभूमिका करीत, त्यांत काय बिघडलें? बिघडलें नाहीं असें तरी कसें म्हणावें? स्त्रियांना रंगभूमि तेव्हां बहुतांशीं बंदच होती. परंतु त्यांच्या वेषभूषेचें अनुकरण घरोघरच्या स्त्रियांनीं कौतुकानें केलें. काळें फासलेल्या त्या तोंडांचें अनुकरण कोणता कृष्णवर्णीय करील?

हॅटी मॅकडॅनिएल हिची हकीकत तर सर्वांत बोलकी. ‘गॉन विथ द विंड’मधील दासीच्या भूमिकेबद्दल २९ फेब्रुवारी १९४० रोजीं अकादमीचें पारितोषिक मिळविणारी ती पहिली कृष्णवर्णीय. आदल्या डिसेंबरांत अटलांटा येथें त्या बोलपटाचा पहिला खेळ थाटानें झाला. जॉर्जियांतील वर्णभेदाच्या निर्बंधांमुळें तिला त्यास जातां आलें नाहीं. पारितोषिकाच्या रात्रींहि ती बसली होती ती सहकलावंतांपासून दूर, एका वेगळ्या मेजाशीं. दासीच्याच भूमिका कां पतकरतेस, असा दोष पुढें तिचेच लोक तिला देत. दुसरी भूमिका तिच्यासाठीं क्वचितच कोणी लिही.