नोंदींची घडण : लेखांक 9 – मुरुड नेमके कोणते?

अहवाल कसे काढावेत हे या खेपेस सांगण्याचे मी कबूल केले होते. परंतु आमच्या मुरुडातील एका वाचकभगिनीने, सभासदांची यादी भरता भरता, असा मर्मावर बोट ठेवणारा प्रश्न विचारला, की अहवालाचे प्रकरण पुढील आठवड्यावर टाकणे मला भाग आहे. जिल्हा बदलला तरी जुना तालुका तसाच का राहतो, असा तो प्रश्न.

त्यांच्या पडद्यावर घडले ते असे. पत्त्यात 'मुरुड' हे नाव दिसताच त्यांनी सवयीने जिल्हा रायगड निवडला, यादीतील 15 तालुक्यांतून मुरुड उचलला, आणि मग पत्त्याची दुसरी ओळ वाचल्यावर ध्यानात आले की हे मुरुड दापोली तालुक्यातले, महर्षी कर्व्यांचे. त्यांनी जिल्हा रत्नागिरी केला; तालुक्याच्या रकान्यात मात्र मुरुड तसाच राहिला. ही नोंद वाचणाऱ्यास खटकतही नाही, कारण रत्नागिरी जिल्ह्यात मुरुड आहेच. फक्त ते गाव आहे, तालुका नव्हे. लातूर जिल्ह्यातही मुरुड आहे, हे सांगून मी त्यांच्या चिंतेत भरच घातली.

याचे कारण असे, की जिल्ह्यानुसार तालुक्यांची यादी दाखवणारा, आपण गेल्या आठवड्यात लावलेला नियम तालुका निवडतानाच्या क्षणापुरता जागा असतो. एक्सेलचे डेटा व्हॅलिडेशन मूल्य रकान्यात भरताना ते तपासते. मागाहून ज्याच्यावर ते अवलंबून आहे तो जिल्हाच बदलला, तर आधी बसलेल्या तालुक्याची रुजुवात ते पुन्हा करीत नाही. चिकटवलेला मजकूर तर त्या तपासणीतून सुटतोच, वर तो दुसऱ्या रकान्यातून उचललेला असेल तर या रकान्याचा नियमही पुसून टाकू शकतो. यास्तव जिल्ह्याच्या यादीस 'इफ'ची अट लावावी, की तालुक्याचा रकाना रिकामा असेल तरच जिल्ह्यांची यादी उघडावी. म्हणजे आधी तालुका पुसल्यावाचून यादीतून दुसरा जिल्हा निवडता येणार नाही. जुन्या नोंदींतील विसंगती 'सर्कल इनव्हॅलिड डेटा' या आज्ञेने तांबड्या वर्तुळात पकडता येतात. अॅक्सेसमध्ये काम अधिक नेटके होते: जिल्ह्याच्या 'आफ्टर अपडेट' या ठिकाणी तालुका आणि गाव हे दोन्ही रकाने रिकामे करावेत व त्यांच्या याद्या नव्याने मागवाव्यात. दोन्ही म्हटले ते मुद्दाम. केवळ तालुका रिकामा करून गाव विसरणे ही मी सर्वाधिक वेळा पाहिलेली चूक आहे.

महसुली दप्तरातील मौजे, तालुका, जिल्हा ही परंपरागत मांडणी मला समान नावांच्या या घोळामुळेच फार प्रिय आहे: तिथे गावाचे नाव कधी एकटे उभे राहत नाही, आणि खुर्द व बुद्रुक ही पदेही एकाच नावाच्या दोन गावांची ओळख वेगळी राखण्यासाठीच येतात.

परंतु नावांवर नियम बांधणेही धोक्याचे. आमचे मुरुड 1948 पर्यंत जंजिरा संस्थानात होते, विलीनीकरणानंतर कुलाबा जिल्ह्यात आले, आणि 1981 मध्ये त्याच जिल्ह्याचे नाव रायगड झाले. 'कुलाबा' या शब्दावर ज्याने तालुक्यांची यादी बांधली असती त्याची यादी त्या दिवशी कोरी पडली असती; जिल्ह्यास संकेतांक देऊन तालुके त्या अंकाशी जोडले असते, तर एकच नाव पालटून काम भागले असते. पालघरची गोष्ट निराळी. 1 ऑगस्ट 2014 रोजी ठाण्यातून 8 तालुके निघून तो जिल्हा झाला. इथे नाव नव्हे, नातेच बदलले. अशा नात्यास 'केव्हापासून' आणि 'केव्हापर्यंत' असे तारखांचे दोन रकाने जोडावेत, म्हणजे त्या 8 तालुक्यांपैकी डहाणूची 2012 सालची नोंद ठाणे जिल्ह्यातच राहील.

प्रश्न आला त्याच सायंकाळी आम्ही दोघांनी बसून अॅक्सेसमध्ये नियम दुरुस्त केला. बाईंनी जिल्हा रत्नागिरी केला, तालुका आणि गाव एकदम रिकामे झाले. त्यांनी दापोली निवडला, आणि गावांच्या यादीत, आपल्या जागी, मुरुड आले.