व्हायोलिनची तार बदलताना

चौलच्या दत्ताची यात्रा दोन दिवसांवर आली होती. मी तेव्हा नववीत होतो. काकांच्या व्हायोलिनला नव्या तारा घालण्याचे काम मी आपण होऊन अंगावर घेतले आणि उत्साहाच्या भरात चारही जुन्या तारा एकदम काढल्या. घोडी आडवी झाली. वाद्य उचलले तर आत काहीतरी खडखडले! त्या वर्षी यात्रेत काकांचे व्हायोलिन वाजले नाही. रेवसहून लाँचने भाऊच्या धक्क्यावर उतरून ते मुंबईला दुरुस्तीसाठी न्यावे लागले. काका रागावले नाहीत, हे जास्त लागले.

आत पडले होते ते काय? घोडीच्या एका पायाच्या किंचित मागे, वरची व खालची फळी यांच्यामध्ये, पेन्सिलीच्या जाडीची एक लाकडी दांडी उभी असते. ती चिकटवलेली नसते. तारांच्या दाबाने नुसती घट्ट बसलेली असते. फ्रेंच लोक तिला वाद्याचा 'आत्मा' म्हणतात. चारही तारांचा एकूण ताण सुमारे 20 ते 25 किलोग्रॅम वजनाइतका असतो. तो एकाएकी नाहीसा झाला की दांडी निसटू शकते. म्हणून एक तार काढावी, तिच्या जागी नवी चढवावी, मगच दुसरीला हात लावावा.

पण तार तुटलेली नसताना ती बदलायचीच कशाला? चौलसारख्या ठिकाणी खारी, दमट हवा पोलादी तारेला गंज चढवते. शिवाय बोटांखाली तार झिजते. तिची जाडी सर्वत्र सारखी राहिली नाही की तिच्यातून निघणारे वरचे स्वर मूळ स्वराच्या नेमक्या दुप्पट, तिप्पट राहत नाहीत. अशी तार कितीही पिळा, सुरात लागत नाही.

आता एक गणित. तारेची कंपनसंख्या ताणाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते, हे मर्सेन या फ्रेंच विद्वानाच्या 1636 सालच्या ग्रंथात आहे. पाश्चात्त्य पद्धतीत सर्वांत खालची तार सेकंदाला 196 वेळा कंप पावते, सर्वांत वरची सुमारे 659 वेळा. लांबी सर्वांची सारखीच, सुमारे 33 सेंटिमीटर. चारही तारा एकाच जाडीच्या घेतल्या तर वरच्या तारेला खालचीच्या अकरापट ताण द्यावा लागेल! म्हणून खालच्या तारा जड करतात. नुसती जाड तार ताठ होते. यासाठी लवचीक गाभ्यावर धातूची बारीक तार गुंडाळतात.

आपले वादक बहुधा प सा प सा अशा तारा लावतात. सा आणि वरचा प यांच्या कंपनसंख्यांचे प्रमाण 2:3. म्हणजे सा-च्या तारेतला तिप्पट स्वर आणि प-च्या तारेतला दुप्पट स्वर एकच हवा. समजा, सा 293 आणि प 440 आहे. तिप्पट 879, दुप्पट 880. दोन्ही तारांवर एकदम गज फिरवला तर सेकंदाला एक अशी आवाजाची चढउतार ऐकू येते. हीच विस्पंदे. खुंटी हलकेच फिरवत ती मंदावू द्या. थांबली की पंचम लागला. तानपुरा लावणारेही नकळत हेच ऐकतात.

खुंटी मात्र जपून. अर्धा स्वर चढवायचा तरी ताण 12 टक्के वाढतो. पावसाळ्यात लाकूड फुगून खुंटी अडकते, कोरड्या हवेत ती सैल होऊन घसरते. तार चढताना घोडीचा माथा पुढे ओढला जातो, तो अधूनमधून सरळ करावा. तार टेकते त्या खाचांत पेन्सिलीचे शिसे घासले तर ती अडत नाही. नवी तार पहिले काही दिवस सैलावते, स्वर उतरतो. यात्रेच्या आदल्या दिवशी ती घालू नये.