अंगठाच तर आहे!

जुलैचा पाऊस, नळ स्टॉपचा सिग्नल आणि रस्त्यावर सांडलेलं ऑइल. स्कूटर घसरली, मी पडले, पण हँडल काही सोडलं नाही. फारसं खरचटलंही नव्हतं, फक्त उजवा अंगठा ठणकत होता. ‘मुरगळलाय गं, चार दिवसांत उतरेल,’ म्हणत आईने आंबेहळदीचा लेप लावला. मी दुसऱ्या दिवशी ऑफिसात हजर!

सूज उतरली, पण ताकद काही परत येईना. डब्याचं झाकण उघडेना, किल्ली फिरेना, जीन्सचं बटण लावताना तर चक्क डोळ्यांत पाणी. दहाव्या दिवशी मुकाट्याने ऑर्थोपेडिककडे गेले.

डॉक्टरांनी आधी एक्स-रे काढला. लिगामेंटबरोबर हाडाचा टवका उडालाय का, ते बघायला. मग दोन्ही अंगठे हळूच बाहेरच्या बाजूला कलवून पाहिले. उजवा बिजागरी निखळलेल्या दारासारखा कलला! अंगठ्याच्या बुडाच्या सांध्यात, तर्जनीच्या बाजूला एक लिगामेंट असतं. आपली चिमूट चालते ती त्याच्या जिवावर. पडताना हातात हँडल किंवा स्कीइंगची काठी असली, की अंगठा बाहेर फाकतो आणि ते तुटतं. याचं नाव ‘स्कीअर्स थंब’. (बर्फ न बघताच मी स्कीअर झाले, बोला!) १९५५ साली कॅम्पबेल नावाच्या डॉक्टरांनी हेच दुखणं स्कॉटलंडमधल्या शिकारीच्या राखणदारांमध्ये नोंदवलं होतं. सशांच्या माना मुरगळून मुरगळून त्यांचे अंगठे सैल व्हायचे.

लिगामेंट अर्धवट फाटलं असेल, तर चार ते सहा आठवडे स्प्लिंट घालून भागतं. माझं पूर्ण तुटलं होतं, आणि एमआरआयमध्ये दिसलं, की त्याचं टोक शेजारच्या स्नायूच्या पडद्यावर चढून बसलंय. १९६२मध्ये स्वीडनच्या स्टेनर यांनी दाखवलेली हीच ती भानगड. मध्ये पडदा आला, की दोन टोकं आपोआप जुळत नाहीत. कितीही स्प्लिंट घाला.

‘सर, अप्रेझल झाल्यावर केलं तर?’ मी विचारलं.

‘साधारण तीन आठवड्यांच्या आत टाके घातले तर बरं. तुमचे दहा दिवस हळदीत गेलेत.’

पुढच्या सोमवारी ऑपरेशन झालं. मग स्प्लिंट, मग फिजिओथेरपी, आणि डाव्या हाताने टाइप केलेले अप्रेझलचे फॉर्म. आता चिमटीत कागद धरता येतो, किल्लीही फिरते. लोणच्याच्या बरणीसाठी मात्र काल रात्रीही आईलाच हाक मारली.