मान वाकली, घोडा मात्र तसाच

रिंगणाच्या कठड्याला टेकून उभं राहा, दहा मिनिटांत हे वाक्य कानावर येतंच: “बघा, मान काय झकास वाकवलीय! आला घोडा ऑन द बिट.” शिकणारे म्हणतात, मोबाइल सरसावून बसलेले पालक म्हणतात, काही शिकवणारेही म्हणतात. ऑन द बिट म्हणजे लगामाला जोडलेल्या तोंडातल्या सळईचा, म्हणजे बिटचा, संपर्क मान्य करून चालणारा घोडा. घोड्याचे मागचे पाय कुठे पडताहेत, हे मात्र कुणी बघत नाही.

कमानदार मानेची हौस आपल्याला जुनी आहे. वरातीचा घोडा असो, कॅलेंडरवरचा असो की सारंगखेड्याच्या बाजारात मिरवायला आणलेला, मान ताठ कमानीत नसेल तर आपल्याला तो घोडाच वाटत नाही. मिरवणुकीपुरतं ते ठीक. रिंगणात शिकवतात ते मात्र ड्रेसेज, आणि या फ्रेंच शब्दाचा अर्थ प्रशिक्षण असा आहे. पाठीवर माणूस बसलेला असताना घोड्याला स्वतःचं शरीर नीट वापरायला शिकवायचं, हे त्यातलं काम. मान आपोआप कमानीत येते, पण ती सगळ्यात शेवटी. आपण सुरुवातच तिच्यापासून करतो आणि तीही हाताने ओढून.

घोड्याला गळपट्टीचं हाड नसतं. धड पुढच्या दोन पायांच्या मधोमध स्नायूंच्या झोळीत लटकलेलं असतं. नुसत्या उभ्या घोड्याच्याही वजनाचा साठ टक्क्यांच्या आसपास भार पुढच्या पायांवर असतो. वर आपण बसतो. चाल सुधारायची म्हणजे मागचे पाय पोटाखाली आणखी पुढे यायला हवेत, पाठ सैल राहून झुलायला हवी, छातीकडचा भाग उचलला जायला हवा. एवढं जमलं की घोडा स्वतःहून मान लांब करत लगामाकडे येतो. लगाम मागे खेचला तर नेमकं उलटं होतं: हनुवटी छातीकडे, पाठ आखडलेली, मागचे पाय मागेच रेंगाळणारे. पुढून पाहिलं तर राजबिंडा, बाजूने पाहिलं तर दोन वेगवेगळे घोडे जोडल्यासारखा.

हे माझं वैयक्तिक मत आहे असं कुणाला वाटत असेल, तर आंतरराष्ट्रीय अश्वारोहण महासंघाची, म्हणजे एफईआयची, नियमावली उघडावी. डोकं स्थिर असावं, नाकाची रेषा सर्वसाधारणपणे उभ्या रेषेच्या किंचित पुढे असावी आणि दोन कानांमागचा भाग मानेतला सगळ्यात उंच बिंदू असावा, असं तिथे स्पष्ट आहे. ओढलेल्या मानेत हा उंच बिंदू घसरून मानेच्या मध्यावर येतो. कठड्यावरूनही ते दिसतं, फक्त बघायला हवं. जर्मन प्रशिक्षणपद्धतीच्या सहा पायऱ्यांतही आधी ताल येतो, मग सैलपणा, आणि लगामाशी संपर्क तिसऱ्या पायरीवर. त्यानंतर मागून येणारा जोर, सरळपणा आणि शेवटी आटोपशीर, उचललेली चाल. पहिल्या दोन पायऱ्या गाळून तिसरीवर उडी मारणाऱ्याने सहावीची स्वप्नं बघू नयेत.

“पण मोठमोठे रायडरही तसंच करतात!” हो, काही करत होते आणि त्यावर रणही माजलं. 2009 मध्ये डेन्मार्कमधल्या ओडेन्से इथल्या सरावाची चित्रफीत जगभर फिरली. त्यात मान आवळलेल्या घोड्याची जीभ निळी पडलेली दिसत होती. पुढच्याच फेब्रुवारीत लोझानच्या बैठकीनंतर एफईआयने जाहीर केलं, की जबरदस्तीने मान अशी दुमडणं स्वीकारार्ह नाही. घोडा तोंडाने श्वास घेत नाही, फक्त नाकाने घेतो. घशाचा मार्ग चेपला तर तो हवा आणणार कुठून?

खरं-खोटं तपासायला तज्ज्ञ लागत नाही. वीस मीटरच्या वर्तुळात दुडकी चालू असताना लगाम हळूहळू सैल सोडा. नीट घडलेला घोडा ताल न बदलता नाक पुढे-खाली नेतो, जणू लगाम हातातून चघळत नेतोय. नुसतीच मान आवळलेली असेल तर तो डोकं वर झटकतो, पळ काढतो, नाहीतर तसाच गुंडाळलेला राहतो. मग पुन्हा मुळाशी जायचं: चाल बदलण्याचे सराव, हाफ-हॉल्ट म्हणजे क्षणभर सावरून घेणं, वर्तुळं आणि ला गेरिनिएर या फ्रेंच उस्तादाने अठराव्या शतकात रुजवलेला शोल्डर-इन, म्हणजे खांदे आत घेऊन चालणं. सगळं मांडीच्या आणि पायाच्या बळावर, हात शांत ठेवून. हे काम महिन्यांचं आहे, कंटाळवाणं आहे, आणि त्याचे फोटो चांगले येत नाहीत.

आता बाकीचे गैरसमज, झटपट.

“ड्रॉ-रेन लावली की काम लवकर होतं.” मान खाली ओढणाऱ्या या जादा लगामाने मान लवकर खाली येते, पाठ मात्र उचलली जात नाही, आणि एफईआयच्या ड्रेसेज स्पर्धेत ड्रॉ-रेन चालत नाही.

“जाड बिट म्हणजे मऊ बिट.” घोड्याचं तोंड बंद असताना आत जिभेने जागा भरलेली असते, जाड बिटला ती मिळणार कुठे?

“संगीतावर घोडा नाचतो.” संगीतावरच्या ड्रेसेजमध्ये घोड्याच्या पावलांचा वेग मोजून संगीत बेतलेलं असतं.

“आधी दमवा, मग नरम येतो.” दमलेल्या घोड्याची पाठ काम करायची थांबते. त्याला नरम म्हणणं म्हणजे झोपलेल्या विद्यार्थ्याला शिस्तीचा म्हणणं.

“ड्रेसेज युरोपियनांचंच, आपल्याला कुठलं जमायला.” 2023 मध्ये हांगझौच्या आशियाई स्पर्धेत ड्रेसेजचं सांघिक सुवर्ण भारताने जिंकलं. चौघांच्या त्या संघात मुंबईचा हृदय छेडाही होता. अश्वारोहणात आपल्याला आशियाई सुवर्ण मिळालं ते 1982 नंतर थेट तेव्हाच.

“नाकपट्टा घट्ट असला की तोंड शांत राहतं.” तोंड शांत होत नाही, त्याला तक्रार करता येत नाही इतकंच. पट्टा आणि नाकाचं हाड यांच्यामध्ये मोठ्या माणसाची दोन बोटं सहज जायला हवीत. बोटं नाकाच्या मध्यावर घालून पाहायची. गालाकडच्या मऊ भागात ती कायमच जातात आणि मोतद्दारही नेमकी तिथेच घालून दाखवतो.